बाबांनी धुतलेली बोट

निघताना विमानतळावर आई रडत होती आणि बाबा माझ्या बॅगेची चाकं पुसत होते. वाटेत घाटात चहाला थांबलो तिथला चिखल चाकांना लागला होता. भोवती माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि आमचे हे गृहस्थ उकिडवे बसून, ओल्या रुमालानं एकेक चाक फिरवून पुसत होते. मी म्हटलं, बाबा, उठा हो, लोक बघतायत. तर म्हणाले, "तिकडचे लोक काय म्हणतील? पहिल्याच दिवशी चिखल घेऊन आली?" आई त्यांच्यावर ओरडली, मग हसली, मग पुन्हा रडायला लागली. मला मात्र राग आला होता. दोन शब्द बोलायचे सोडून चाकं काय पुसत बसलाय हा माणूस, असं वाटलं होतं.

हे आत्ता लिहायचं कारण असं, की तुम्ही सगळे मला एकच प्रश्न विचारता. चिंचवडच्या सोसायटीतल्या काकू विचारतात, सांगलीची मामी विचारते, इकडे ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या मैत्रिणीसुद्धा भिशीला भेटल्या की आडून आडून विचारतात: बाबांना परत का पाठवलंस गं? एकुलती एक मुलगी ना तू? मी पाठवलं नाही हो. ते गेले. कसे गेले ते एकदा सांगून टाकते, म्हणजे माझी सुटका.

आम्ही ऑकलंडला आलो तेव्हा सगळ्यांसारखेच होतो. संदीप आयटीत, मी टेस्टिंगमध्ये. आमच्याबरोबरचे लोक एकेक करून मोठमोठी घरं घेत सुटले. गॅरेजच दोन गाड्यांचं, कार्पेट, तीन बाथरूम. आणि आमच्या नवऱ्याला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्यानं बोट घेतली. मानुकाऊच्या खाडीच्या एका फाट्यावर, लाकडी जेट्टीला बांधलेली जुनी कौरी लाकडाची लाँच. नाव मार्गरेट. "राहायचं यातच," म्हणाला. मैत्रिणी हसून हसून मेल्या. एक म्हणाली, "मेधा, अगं कोळीण झालीस की!" मार्गरेट मावशी कशी आहे, असं सगळे विचारायचे, जसं काही आमच्या घरात कुणी म्हातारी आजारी पडलीय.

म्हातारीच होती ती. तिचं करता करता जीव मेटाकुटीला यायचा. हिवाळ्यात गरम राहायला एक शेगडीएवढी लोखंडी भट्टी, तिचं धुराडं छतातून बाहेर. मानुका झाडाची लाकडं घातली की ऊब यायची, पण ती सगळी वर. डोकं नागपूरला आणि पाय काश्मीरात. कुकर लावला की भिंती घामाघूम. खिडक्यांवरून पाणी ओघळायचं, गादी उलटी केली की खालून ओली. कपाटातल्या माझ्या रेशमी साडीवर बुरशीची हिरवी नक्षी उठली तेव्हा मी संदीपला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. रोज व्हिनेगरचं फडकं घेऊन पुसायचं, भट्टीची राख काढायची, संडासाची टाकी भरली की बोट पंपाशी नेऊन उपसायची. ओहोटीला बोट चिखलात बसायची आणि जराशी कलंडायची. ताटातली आमटी एका बाजूला जायची. तरी सांगते, त्या कलंडत्या घराची मला सवय लागली. सकाळी मोटरवेवर गाडीत अडकले की मला तीच आठवायची.

मग आई गेली.

मी जाऊन आले, दिवस करून आले. बाबा चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटे. फोनवर "जेवलात का" विचारलं की "हो" म्हणायचे. शेजारच्या काकूंनी एकदा सांगितलं, अगं, ते कसले जेवतात, दुधात पोळी कुस्करतात आणि तशीच टाकतात. दिवसभर खुर्चीत बसून असतात. मी हट्टच धरला. म्हटलं, बाबा, इकडे या, माझ्याजवळ राहा. कायमचे. ते म्हणाले, "येतो. राहण्याचं बघू."

आले ते जूनमध्ये, इकडच्या ऐन थंडीत. स्वेटरवर स्वेटर, कानटोपी, आणि भट्टीसमोर बसून राहायचं. बोलणं नाही. हवेसाठी ठेवलेली भोकं, ती उघडीच ठेवायची असतात, नाहीतर भट्टीमुळे जीव गुदमरेल, तर हे त्यात जुने टॉवेल कोंबायचे. "वारा येतो." मी संध्याकाळी येऊन ते उपसायची. संदीप म्हणायचा, मेधा, हे इथे नाही रमणार. मला कळत होतं. पण चिंचवडच्या त्या खुर्चीत त्यांना परत बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं. एवढीच एक गोष्ट मला त्या वर्षी हवी होती, की बाबांनी म्हणावं, मी राहतो.

आणि एक दिवस जेट्टीवरचा पाण्याचा होज त्यांच्या हाती लागला.

मी कामावरून आले तर डेक लखलखत होता. दुसऱ्या दिवशी केबिनमधली भांडी, डबे, पितळी कड्या, सगळं. तुम्हाला बाबांचं माहीतच आहे. चिंचवडला रविवारी फरशीवर बादल्या ओतून, खराटा घेऊन, मोरीपासून बाल्कनीपर्यंत धुण्याचा तो सोहळा. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांची दर वेळी कटकट. आई म्हणायची, "या माणसानं मला नाही, फरशीला वरलंय." मी त्यांना सांगितलं, बाबा, इथे फडक्यानं पुसतात. तर म्हणाले, "नुसतं फडकं फिरवलं म्हणजे स्वच्छ झालं का? पाणी पडल्याशिवाय घर धुतलं असं होत नाही."

बोटीच्या तळाशी, पायाखालच्या फळ्यांच्या खाली एक पोकळी असते, तिला बिल्ज म्हणतात. खाडीचं थोडं पाणी तिथे कायम झिरपतं आणि एक छोटा पंप ते आपोआप बाहेर फेकतो. त्या पोकळीला एक कुबट, तेलकट वास असायचा. आम्ही तो पत्करला होता. बाबांना तो सहन होईना. "घरात मोरीचा वास येता कामा नये," म्हणाले, आणि आम्ही कामावर गेलो की फळ्या उचलून, नळी आत सोडून, रोज सगळी पोकळी स्वच्छ पाण्यानं धुवायला लागले. कडेकपारीत ब्रश घालून घासायचे. वास गेला. खरंच गेला! संदीपनं तर त्यांना हात जोडले. म्हणाला, बाबा, मार्गरेटचं नशीब उजळलं.

आणि बाबांचंही. कानटोपी उतरली. कोपऱ्यावरच्या डेअरीतून स्वतः दूध आणायला लागले, जँडल्स, म्हणजे इकडच्या स्लिपरा, घालून. जेट्टीवरचे म्हातारे "किया ओरा, मिस्टर जोशी" असा इथला नमस्कार करायचे, हे मान डोलावून "किया ओरा, किया ओरा" असं दोनदा म्हणायचे. शनिवारी पुकेकोहेच्या मळ्यांवरून ताजी मेथी आणली की स्वतः निवडायचे, दोन भाकऱ्या खायचे. असे दोन हिवाळे गेले, मध्ये व्हिसासाठी चिंचवडला एक फेरी झाली. ती संपवून परत आले त्या संध्याकाळी, फळी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेधा, राहतो मी इथे. ते रेसिडेन्सीचं काय ते करा."

मी बाहेर डेकवर जाऊन रडले. आनंदानं. आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

त्या वर्षी ठरलं, दिवाळीच्या आत बोट वर काढायची. दर वर्षी-दीड वर्षानं काढावीच लागते: क्रेननं उचलून यार्डात ठेवायची, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, ते पुन्हा चिकटू नयेत म्हणून विषारी रंगाचा नवा हात द्यायचा. बाबांचा उत्साह काय सांगू! दिवाळीची साफसफाई म्हणून गमबूट घालून, हातात खरवडणं घेऊन सकाळपासून तयार. मार्गरेट हवेत लटकली तेव्हा तिच्या पोटाकडे बघून म्हणाले, "अरेरे, केवढी घाण जमवलीय बाईनं."

यार्डाचा रॉस म्हणून एक लाकूडकाम करणारा होता. तो आत उतरला, स्क्रूड्रायव्हरनं बोटीच्या लाकडी फासळ्या टोचत टोचत गेला. एके ठिकाणी स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मग दुसऱ्या ठिकाणी. तिसऱ्या ठिकाणी त्यानं बोटानं लाकूड उकरलं तर भिजल्या ब्रेडसारखं हातात आलं. तो वर आला आणि सरळ विचारता झाला, आत गोडं पाणी कोण घालतंय?

बाबा पुढे झाले. त्यांना वाटलं, कौतुक होतंय. अशी मान ताठ करून, मला बाजूला सारून म्हणाले, "आय डू. डेली. व्हेरी क्लीन, नो स्मेल!"

रॉसनं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. चांगला माणूस होता तो. म्हणाला, लाकडी बोटीला खारं पाणी टिकवतं, गोडं पाणी कुजवतं. कोपऱ्याकोपऱ्यात साचून राहतं, त्यातून लाकूड आतून जातं. मग बाबांचा चेहरा बघून घाईनं म्हणाला, जुनी बोट आहे, आधीपासूनही असेल, हीप्स ऑफ बोट्स गो लाइक धिस, तुमचा दोष नाही. पण पुन्हा पाण्यात सोडता येणार नाही, हेही त्यानं सांगितलं. फासळ्याच राहिल्या नव्हत्या.

बाबांनी मला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी म्हटलं, "म्हणतोय, बोट जुनी झाली."

 ते म्हणाले, "मला इंग्रजी येतं, मेधा."

हातातलं खरवडणं त्यांनी तिथल्या बाकावर ठेवलं, अगदी हळू. दिवसभर कशालाही हात लावला नाही.

आम्हाला काय ठाऊक होतं? संदीपला तरी कुठे ठाऊक होतं? पुण्याची माणसं आम्ही, आमच्याकडे पाणी म्हणजे स्वच्छ करणारी गोष्ट. पाण्यानं कधी कुणाचं घर जातं का, पूर सोडून? हे मी बाबांना किती वेळा सांगितलं. रागावून सांगितलं, हात धरून सांगितलं. संदीपनं थट्टा करून बघितली, "बाबा, मी कंटाळलोच होतो त्या म्हातारीला." ते म्हणायचे, "हो, हो." आणि संदीप पाठमोरा झाला की त्याच्याकडे बघत बसायचे.

आम्ही टाकानिनीत भाड्याचं घर घेतलं. नवी वसाहत, अजून झाडंसुद्धा लावलेली नव्हती. हीट पंपचं बटण दाबलं की घर गरम, भिंती कोरड्या, फरशी सपाट. आणि त्या घरात माझे बाबा असे राहायला लागले, जसं काही सगळं काचेचं आहे. चहा प्याले की कप हातात धरून उभे. "मेधा, हा धुऊ का?" मी म्हणायची, अहो बाबा, विचारता काय, धुवा की. तर म्हणायचे, "नको. तूच बघ. इथे काय कशानं बिघडतं, मला कळत नाही." आंघोळीनंतर बाथरूमची जमीन टॉवेलनं टिपून कोरडी करायचे, गुडघ्यावर बसून. एकदा मी चिडले. मुद्दाम बादली भरली, त्यांच्यापुढे आपटली आणि म्हटलं, ओता! सगळ्या घरावर ओता, जे व्हायचं ते होऊ दे! ते घाबरले हो. खरोखर घाबरले. त्यांनी ती बादली दोन्ही हातांनी उचलून, एक थेंब न सांडता, बाहेर नेऊन गवतावर रिकामी केली.

पंधरा दिवसांत म्हणाले, तिकीट काढ. रेसिडेन्सीचे कागद संदीपनं परत मागवून घेतले. मी भांडले, रडले, अबोला धरला. त्यांचं एकच: "तुमचं बस्तान बसू दे आधी. मग येईन." म्हणजे येणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मार्गरेट यार्डातच तोडली. मी बघायला गेले नाही.

आता आमचंही फ्लॅट बुशला घर आहे. दोन गाड्यांचं गॅरेज, कार्पेट, सगळं सगळं. मुलगी झाली. ती फोनवर आजोबांना "हाय आजोबा, स्वीट अ‍ॅज!" म्हणते, म्हणजे इकडच्या बोलीत एकदम मस्त, ते हसतात. मी विचारते, कधी येताय? ते म्हणतात, बघू.

गेल्या डिसेंबरात मी चिंचवडला गेले होते. फ्लॅट बरा ठेवलाय, कामाला बाई आहे. रविवारच्या बादल्या बंद आहेत. कुलकर्णी म्हणाले, आता फार शांत वाटतं. बाबांनी मला चहा करून दिला, आलं घालून, बशी पुसून. पिऊन झाल्यावर मी उठले आणि कप विसळायला मोरीकडे निघाले.

"राहू दे गं," बाबा म्हणाले, आणि कप माझ्या हातून काढून घेतला. "पाहुण्यांनी नसतं करायचं."

 ते चिडून बोलले नव्हते, टोमणाही नव्हता. प्रेमानंच म्हणाले होते. घर कुठे आहे, असं इथे कुणी विचारलं की मी फ्लॅट बुश सांगते, तिकडे कुणी विचारलं की चिंचवड सांगते. पण फ्लॅट बुशला ते पाहुणे म्हणून येतील, चिंचवडला मी पाहुणी म्हणून जाते. आम्हा दोघांचं मिळून घर एकच होतं, आणि ते तोडलं.