उडी न मारता शिकलेलं पोहणं

थोरला मुलगा जिना उतरताना डावा पाय जपून टाकतो, हे माझ्याआधी आमच्या घरमालकीणबाईंच्या लक्षात आलं. त्या खाली ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोराला काटा-बिटा मोडलाय का बघ."

काटा नव्हता. पुण्याजवळ चांदे गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो होतो, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. नवरा हिंजवडीत नोकरीला, मी घरूनच कंपनीचं काम करायचे, आणि मुलं दोन. थोरला पहिलीत, धाकटा बालवाडीत. थोरला आधी काही दिवस गुडघा दुखतो म्हणत होता. खेळून दुखत असेल असं समजून आम्ही गुडघ्याला मलम चोळत राहिलो. गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं. दुखणं वर, खुब्यात होतं.

ते सांगितलं पुण्यातल्या डॉक्टरांनी. लहान मुलांच्या हाडांचेच डॉक्टर, वयस्कर, हळू बोलणारे. एक्स-रे उजेडावर धरून त्यांनी आम्हाला खुब्याच्या सांध्यातला गोळा दाखवला. एका बाजूचा गोल होता, दुसऱ्या बाजूचा जरा चेपल्यासारखा. तिथला रक्तपुरवठा कमी झाल्यामुळं हाड मऊ पडलं होतं. का झालं, ते नक्की सांगता येत नाही, म्हणाले. कुणाची चूक नाही. हाड आपलं आपण पुन्हा भरून येतं, फक्त तोवर गोळ्याचा आकार बिघडू द्यायचा नाही. म्हणजे पळायचं नाही आणि उड्या तर अजिबात मारायच्या नाहीत.

नवऱ्यानं विचारलं, "किती दिवस?"

"वर्षांत मोजा. दोनेक धरून चाला."

थोरला खुर्चीच्या कडेला बसून हे सगळं ऐकत होता. त्यानं सरळ डॉक्टरांनाच विचारलं, "मग मी काय करू?"

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला आणि त्याच्याकडे वळून बसले. "पोहायला शीक," ते म्हणाले. "पाण्यात पायावर वजन येत नाही. पाण्यात हवे तेवढे पाय मार."

घरी आल्यावर खरी अडचण कळली. आमच्या घरासमोर एक मोकळा प्लॉट होता. संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं तिथं क्रिकेट खेळायची. थोरला गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. आणि दादा खेळत नाही म्हणून धाकटाही खाली जायचा नाही. एक दिवस धाकटा लंगडताना दिसला. मी फोन हातात घेऊन डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले, तेवढ्यात लक्षात आलं की हा मघाशी डाव्या पायानं लंगडत होता आणि आता उजव्या. विचारलं तर म्हणाला, "दादासारखं चालतोय." थोरला खो खो हसला. त्या आठवड्यात घरात पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून हसत होतं.

पोहायचं कुठं, हा प्रश्न होताच. आजूबाजूच्या मोठमोठ्या सोसायट्यांत तलाव होते, पण ते तिथं राहणाऱ्यांसाठी. बाहेरचे तलाव लांब, आणि त्यांच्या वेळा आमच्या नोकऱ्यांत बसणाऱ्या नव्हत्या. मी हे काकूंना सांगत होते. घरमालकीणबाईंना मी काकू म्हणायचे, मुलं आज्जी म्हणायची. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"विहीर हाय की आपली," त्या म्हणाल्या. "आमची समदी पोरं तितंच शिकली. मी बी तितंच शिकले."

काकूंची बरीचशी जमीन विकून झाली होती, तिथं आता प्लॉट पडले होते. पण घरामागची भाताची खाचरं आणि त्यांच्या टोकाची विहीर त्यांनी ठेवली होती. दगडात बांधलेली, आत उतरायला पायऱ्या, आणि पावसाळ्यानंतर कितीतरी महिने काठोकाठ पाणी. मी तिच्या कठड्याजवळसुद्धा कधी गेले नव्हते. आम्ही मूळचे लातूरकडचे. आमच्या गावात विहीर म्हणजे वाकून बघायची गोष्ट, तळाशी किती ओल उरलीय ते पाहायला. बुडण्याइतकं पाणी मी लहानपणी बघितलेलंच नव्हतं. नवऱ्याची तीच गत.

मी काकूंना स्पष्ट सांगितलं, की मला पाण्याची भीती वाटते, मुलाला विहिरीत सोडायचा धीर होणार नाही.

"मग आदी तू उतर," काकू म्हणाल्या. "दोन पोरांवर मी एकली नजर न्हाई ठेवायची. तू शिक, मग पोरं शिकतील."

आईला फोनवर सांगितलं तर ती रडकुंडीला आली. "आधीच लेकराचा पाय असा, त्याला हिरीत कशाला घालू लालीस?" रविवारी सकाळी मी जुना पंजाबी ड्रेस घालून पायऱ्या उतरले.

काकूंनी नऊवारीचा कासोटा घट्ट मारला आणि माझ्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला. वरून नवऱ्यानं माझ्या कमरेचा दोर धरला होता. तो दोन्ही पाय रोवून असा उभा होता, जणू मला नाही, सगळी विहीरच वर ओढायची आहे. मी छातीभर पाण्यात गेले आणि पायरी सोडेना. काकू शेजारी पाण्यात आरामात तरंगत होत्या, पन्नाशी उलटलेली बाई, गप्पा मारल्यासारख्या. माझी बोटं त्यांनी एक एक करून पायरीवरून सोडवली. कॅननं मला वर धरलं. मी पाय झाडले, नाकातोंडात पाणी गेलं, पण बुडाले नाही. पायऱ्यांवर बसलेली माझी दोन्ही मुलं टाळ्या वाजवत होती.

पुढच्या रविवारी थोरला उतरला. विहिरीवर येणारी काकूंची नातवंडं, पुतण्याची पोरं, सगळी कठड्यावरूनच पाण्यात यायची. कुणी सूर मारायचं, कुणी गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन. याला मात्र पायऱ्यांनीच उतरायचं होतं. काकूंनी त्याला बेडकासारखे पाय मारायला शिकवलं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, हा तर उत्तम व्यायाम. आधी मोठा कॅन, मग छोटा, मग पाण्याच्या दोन बाटल्या. धाकटा माझ्या गळ्यात पडून आत येऊ लागला.

रुळतंय असं वाटलं आणि धाकट्याला कांजिण्या आल्या. त्याच्या खपल्या पडायला लागल्या, तोच थोरल्याच्या पाठीवर पाण्यानं भरलेले फोड दिसले. पूर्ण महिनाभर विहीर बंद. उन्हाळ्याचे दिवस, दोघंही खाजवून खाजवून हैराण, मी कॅलमाइन लावतेय, नवरा त्यांना पंख्यासमोर धरून बसलाय. काकूंना कांजिण्या लहानपणीच होऊन गेलेल्या, त्यामुळं त्या बिनधास्त वर यायच्या. थोरला शिकलेलं विसरून जाईन म्हणून रडत होता, तर त्यांनी त्याला दिवाणावर पालथं झोपवलं, पाय कडेच्या बाहेर काढले आणि म्हणाल्या, "मार आता पाय." तो दिवाणावरच पोहायला लागला. शेजारी धाकटाही. फोडांवर पांढरे ठिपके लावलेली दोन पोरं गादीवर बेडूक होऊन पाय मारताहेत, आणि काकू खाली बसून "पाय जवळ घे, पाय जवळ घे" म्हणताहेत. आजही तो प्रसंग आठवला की मला हसू येतं.

त्या वर्षी पावसाळा सुरू व्हायच्या आत थोरला बाटल्यांशिवाय पोहायला लागला. मीसुद्धा. नवरा सगळ्यांत शेवटी शिकला आणि सगळ्यांत जास्त बढाया मारू लागला.

मग थंडीत थोरल्याचं दुखणं पुन्हा वाढलं. सकाळी उठून पाय टेकवला की तो कळवळायचा. डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहून सांगितलं, की हा या आजारातला सगळ्यांत नाजूक काळ आहे, काही महिने पायावर भार नको. कुबड्या आल्या. शाळेत कुणीतरी त्याला चिडवलं. त्यानं मला कोण ते सांगितलं नाही, फक्त जेवण कमी केलं. कोवळ्या उन्हात मी त्याला विहिरीवर चल म्हटलं तर म्हणाला, "मला नाही यायचं. तिथं सगळे उड्या मारतात आणि मी म्हाताऱ्यासारखा पायऱ्या उतरतो."

मी त्याला जवळ घेतलं. नवरा म्हणाला, दुखणं उतरेल तसा तोही ताळ्यावर येईल. मला ते पटत नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्याच्याकडून डॉक्टरांनी सांगितलेले पायाचे व्यायाम करून घ्यायचे, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

काकूंनी वेगळंच केलं. पाणी जरा उबदार झालं, त्याचं दुखणंही ओसरलं, तेव्हा एका रविवारी त्यांनी सगळी पोरं गोळा केली आणि शर्यत लावली. उडी नाही. सगळ्यांनी पाण्यात उतरून पायरीला हात लावून थांबायचं, आणि विहिरीच्या भिंतीच्या कडेनं गोल फेऱ्या मारायच्या. जो शेवटपर्यंत हात टेकवणार नाही तो जिंकला. थोरल्याला त्या म्हणाल्या, "तुला यायचं न्हाई तर नको यिऊ. पर मग वर बसून न्याय कर."

न्याय करायला म्हणून तो आला. कुबड्या कठड्याला टेकवल्या, बसत बसत पायऱ्या उतरला, थोडा वेळ पाण्यात हात फिरवला आणि आत उतरला.

काकूंच्या पुतण्याचा मोठा मुलगा पाचवीतला, अंगानं दुप्पट. पहिल्या फेऱ्यांत तोच पुढे होता. पण ही पोरं उडी मारायची, वर यायची, पुन्हा उडी मारायची. पाण्यात टिकून राहायची सवय त्यांना नव्हतीच. आमच्या पोराला उडीच माहीत नव्हती. तो पाण्यात उतरला की पाण्यातच असायचा. एक एक जण भिंतीला हात लावून दमलो म्हणू लागला. शेवटी तो मोठा मुलगा आणि हा, दोघंच उरले. मी पायरीवर गळ्याइतक्या पाण्यात उभी होते, धाकटा माझ्या खांद्यावर बसून "दादा, दादा" ओरडत होता. मोठ्या मुलानं हात टेकवला. थोरल्यानं त्यानंतरही एक फेरी मारली, कुणी सांगितलं नसताना. मग पायरीशी आला आणि धापा टाकत काकूंना म्हणाला, "आज्जी, अजून एक मारू?"

"मार," काकू म्हणाल्या. त्यानं मारली.

त्या रात्री तो माझ्या ताटातलीसुद्धा भाकरी खाऊन गेला. शाळेतही गोष्ट पोचली असावी, कारण पुढं चिडवण्याबद्दल मी काही ऐकलं नाही. पाण्यातला राजा म्हणून पोरं त्याला हाक मारू लागली, आणि कुबड्या धरायला दोघं-तिघं पुढं यायला लागले.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले, पहिला आणि आताचा. मला काही विचारावंच लागलं नाही. गोळा भरून आला होता, आणि गोल होता. डॉक्टरांनी त्याचा पाय सगळीकडून फिरवून पाहिला, त्याला खोलीत चालायला लावलं आणि म्हणाले, "जा, पळ आता."

तो पळाला नाही. गाडीपर्यंत चालतच आला. दोन वर्षं नको, नको ऐकलेलं त्याच्या अंगात मुरलं होतं. रविवारी विहिरीवर सगळी जमली, त्यानं उडी मारावी म्हणून. तो कठड्यावर चढला, खाली बघितलं आणि पायऱ्यांनी उतरून पोहायला लागला. मी नवऱ्याला डोळ्यांनीच खुणावलं, की राहू दे.

त्यानंतर कधीतरी, वार आठवत नाही, ऑफिसचं काम आटोपून मी एकटीच विहिरीत पोहत होते. आता मला तिथं एकटीला भीती वाटत नव्हती, काकू वर वाफ्याला पाणी लावत होत्या तेवढं पुरे होतं. अचानक माझ्या डोक्यावरून काहीतरी गेलं आणि शेजारी पाणी फुटलं. माझ्या नाकात, डोळ्यांत पाणी. डोळे पुसले तर पाण्यातून थोरल्याचं डोकं वर आलेलं. तो नुसता माझ्याकडे बघत होता, मी रागावते का ते पाहायला.

मी म्हणाले, "परत मार. मी नीट बघितली नाही."

मग त्यानं किती उड्या मारल्या ते मला सांगता येणार नाही. धाकटा आला, तोही मारायला लागला. काकू फावडं टाकून कठड्याशी आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "लई झालं, बास करा आता," त्या म्हणत होत्या, पण निघत नव्हत्या.

पावसाळ्यात काकूंच्या खाचरात लावणी होती. दोन्ही मुलं चिखलात उतरली होती, रोपांच्या मुठी इकडून तिकडे पोचवत. धाकट्यानं दादाच्या तोंडावर चिखल मारला आणि बांधावरून पळत सुटला. थोरला त्याच्या मागे पळाला. बांध निसरडा, मधेच थोरला घसरला आणि कोपर सोलून घेतलं. रडत माझ्याकडे आला, हात पुढं करून. थोडंसं खरचटलं होतं, कुठल्याही मुलाला खरचटतं तसं. मी पाण्यानं ते धुतलं, हळद लावली, आणि काकूंकडे बघून मला हसूच आवरेना. तो रागावून म्हणाला, "आई, मला लागलंय आणि तू हसतेस."

"हो रे, लागलंय," मी म्हणाले. तोवर तो हात सोडवून पुन्हा बांधावर पळालाही होता.