चहाच्या टेबलावरचा वर्ग

बाळांनो, तुमची आजी सूड घेते, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं नसेल. म्हणून मीच सांगते.

इथे ओंगारला, तुमच्या मामाच्या घराजवळच्या सभागृहात, मंगळवारी सकाळी परदेशातून नव्याने आलेल्यांना इंग्रजी लिहायला शिकवतात. शिकवणारे सगळे हौशी. मी नागपुरात जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मलाही एक टेबल आणि छोटा पांढरा फळा मिळाला. मामा-मामी कामावर गेले की घरात माझ्याशी बोलायला कुकरची शिट्टी तेवढी. त्या फळ्यासाठी मी मंगळवारची वाट बघत असे.

एकदा मी फळ्यावर लिहिलं, ‘ही वॉज टायर्ड, बट नेव्हरदलेस ही केम.’ वर्ग चालवणारे गृहस्थ मागून आले. त्यांनी माझ्या हातातला मार्कर घेतला आणि सगळ्यांदेखत ‘नेव्हरदलेस’वर काट मारली.

“‘बट’ आहे ना? मग हे आणखी कशाला? असं आता कोणी लिहीत नाही.” मग माझा खांदा थोपटून म्हणाले, “सगळं ग्रँड आहे हो. तुम्ही जरा चहाचं बघाल का? कप प्रेसमध्ये आहेत.”

प्रेस म्हणजे इथल्या आयरिश लोकांचं कपाट, आणि ग्रँड म्हणजे नुसतं ‘ठीक’. पुढच्या मंगळवारी माझ्या टेबलाशी दुसरी बाई बसली होती.

मी चहाचं बघितलं. नीट बघितलं. घरून आलं किसून आणि वेलची कुटून नेली, दूध घालून चांगला उकळला. वास सभागृहभर पसरला, लोक उठून माझ्याकडे आले. मी अट घातली: आधी दोन वाक्यं जोडून लिहून दाखवा, मग कप.

एका युक्रेनी बाईने लिहून दाखवलं, “माझी बस चुकली, देअरफोर मी चालत आले.”

“असं नाही बाई. ‘अँड’, ‘बट’ हे लग्न जुळवणारे मध्यस्थ. दोन घरं तेच जोडतात. ‘देअरफोर’, ‘नेव्हरदलेस’ या आत्याबाई. लग्न का झालं, कोणाचा विरोध असून झालं, हे त्या सांगतील. पण जुळवणं त्यांचं काम नाही. मध्यस्थाला पुढे घाला, आत्याबाई मागून येतील: ‘अँड देअरफोर’. मध्यस्थ नसेल, तर आधीच्या घराशी अर्धविराम द्या किंवा सरळ पूर्णविराम.”

ती हसायला लागली. “अशी आत्या आमच्याकडेही आहे!”

“मग तिला एकटी पाठवू नका. घ्या चहा.”

हळूहळू लोक चहा घेऊन परत जाईनासे झाले. खुर्च्याच इकडे ओढू लागले. शेवटी एका मंगळवारी ते गृहस्थ आणि त्यांचे छापील कागद एवढेच तिकडे उरले. तेही आले. “इकडे बराच क्रेक चाललाय वाटतं,” म्हणाले – क्रेक म्हणजे इथली गप्पांची धमाल – आणि कपासाठी हात पुढे केला.

त्या हातात मी खरकट्या कपांचा ट्रे दिला. खांद्यावर फडकं टाकलं, वर थोपटलंही. “सगळं ग्रँड आहे हो. तुम्ही जरा कपांचं बघाल का? धुऊन प्रेसमध्ये ठेवा.”

युक्रेनी बाईने जाऊन माझा फळा उचलून आणला. मी तेच वाक्य लिहिलं, ‘नेव्हरदलेस’ जरा ठळक. मागे नळाचा आवाज येत होता.

अजूनही कप तेच धुतात. परवा एकाच्या तळाशी डाग राहिला होता. मी तो परत पाठवला.