पैंजण घालताना कळलं ते

मंडळी, नेपाळला पोचून आठ दिवस झाले आणि आज लिहितोय, माफ करा.

मी आणि माझा जुना दोस्त बापू इथल्या अनाथाश्रमात सेवेला आलोय. मुलींसाठी हुपरीहून मी स्वतः घडवलेले चांदीचे पैंजण आणलेत. आज सकाळी छोट्या मायाच्या पायात घालत होतो, तर ती हिंदीत हळूच म्हणाली, "आजोबा, एक जोड आईला द्या. ती शनिवारी मागच्या दाराशी येते. पाहुण्यांना सांगायचं नसतं."

मला दम निघाला नाही. तसाच उठून आश्रम चालवणाऱ्या साहेबांना विचारलं, "मायाची आई जिवंत आहे, मग ती अनाथ कशी?" ते नुसते हसले. दुपारी पंगतीत माया नव्हती. "दुसरीकडे पाठवली," एवढंच सांगितलं.

बापू माझ्यावरच उखडला. "गप बस की लेका! गावानं हार घालून पाठवलंय. आता खोट्या अनाथाश्रमात फसलो म्हणून सांगायचं व्हय?"

"आणि पोरगी रं?"

तो उठून मुलांबरोबर फोटो काढायला गेला. चाळीस वर्षांची दोस्ती, पण आज त्याच्या शेजारी बसवेना. आणि साहेबांपुढं तोंड तर मीच उघडलं होतं, म्हणूनच पोरीला हलवलं.

परवा आमची परतीची गाडी आहे. पोरगी कुठं आहे हे कळल्याशिवाय मी गाडीत कसा बसू? इथं कुणाकडे दाद मागायची, ठाऊक असेल त्यानं कृपा करून लवकर कळवा.