नवी जमीन बसेपर्यंत

माझ्या फोनमध्ये भावाचं एक लोकेशन अजून जपलेलं आहे. आखातात कामाला गेल्यावर त्यानं पाठवलेलं ते पहिलंच. मी ते उघडून मायला दाखवलं तेव्हा पडदाभर निळा रंग होता आणि मधोमध लाल टाचणी.

"हा त पाण्यात दिसून राह्यला वं," माय म्हणाली आणि तिनं फोन माझ्या हातातून घेतला. टाचणी हलते का ते ती बघत होती.

मी त्याला फोन लावला, तर तो हसतच सुटला. "अवं माय, पाणीच होतं इथं आधी. आता आम्ही जमीन करून राह्यलो. नकाशावाल्याईले अजून पत्ता नाही."

त्याचं काम असं होतं. एक मोठं जहाज समुद्राच्या तळाची वाळू ओढून घ्यायचं आणि पाण्याबरोबर लांबवर फेकायचं. त्या फवाऱ्याची कमान उन्हात चमकते, असं तो सांगायचा. वाळू साचत साचत पाण्याबाहेर आली की तिच्यावर याचा डोजर चढायचा. वाळू पसरायची, दाबायची, कडा भरायच्या. असं करत त्यांनी समुद्रात एक बेट उभं करत आणलं होतं. त्यावर पुढे श्रीमंतांचे बंगले आणि हॉटेलं होणार होती.

"समुद्रात कायले घर बांधतेत?" मायनं विचारलं. "जागा नाही का त्याईले?"

"जागा लय आहे. मांगं पायशील त नुसतं रिकामं वाळवंट."

"मंग?"

"प्रत्येकाले आपल्या दारात पाणी पायजे, माय."

आमच्या दारात विहीर आहे. पूर्णेच्या काठचा आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. भाऊ लहानपणापासून तेच पाणी पीत वाढला. तिकडे पहिल्यांदा समुद्राचं पाणी तोंडात गेलं तेव्हा म्हणे तो सोबत्यांना म्हणाला, "हे त आमच्या इहिरीचंच आहे बे."

डोजर चालवायला तो आमच्याच भागात शिकला होता, शेततळी खोदता खोदता. मी खामगावला एका ग्रंथालयात काम करते. सुट्टीच्या दिवशी गावी आले की संध्याकाळी मायजवळ बसून त्याला फोन लावायची. तो मला बाई म्हणायचा. आमचं बोलणं बहुतेक जमिनीवरच चाले.

"नवी जमीन आहे ना बाई, तिले बसाले वेळ लागते. वरून टणक दिसते, पण आतलं पाणी लवकर निघत नाही. तिच्यावर एकदम भरोसा नाही ठुवाचा."

एकदा तो असाच रमून बोलत होता. "आज जिथं चाललो ना, तिथं कधी माणसाचा पाय पडला नव्हता. जनावराचाही नाही. देऊळ नाही, मशीद नाही, मसणवटा नाही. भूत बी नाही इथं."

"भूत काऊन नाही?" मायनं विचारलं.

"अवं, कोणी मेलंच नाही त भूत कुठून येईन?"

आम्ही तिघंही हसलो होतो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि त्याच्या मागे वाऱ्याचा आवाज. त्या जागेला आवाज होता तो एवढाच.

त्या जमिनीवर पहिला मेला तो माझा भाऊच.

पेटी घरी यायला बरेच दिवस गेले. तिच्याबरोबर धामणगाव बढे गावचा त्याचा सोबती आला होता, तोही तिकडे डोजरवरच होता. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि मायच्या पायांकडे बघत सांगू लागला.

"अम्मा, कड खचली. थो कडेले वाळू लोटून राह्यला होता. खालून पाणी आलं आन् मशीनसगट अंदर गेला. आम्ही लगेच काढला त्याले."

मायनं फक्त एक विचारलं. "जीव कुठं गेला त्याचा? पाण्यात का जमिनीवर?"

त्याला प्रश्न कळला नाही. मला कळला. आमच्याकडे माणूस जिथे जातो ती जागा, प्रेत उचललं की सारवतात. तिच्यावर पीठ पसरतात, बाजूला दिवा लावतात आणि वर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून बघायचं. पिठावर पाखराचं पाऊल दिसलं, गायीचा खूर दिसला किंवा लेकराचा तळवा, तर जीव त्या वाटेनं पुढे गेला. माझ्या बापाच्या वेळी चिमणीची नखं उमटली होती. त्यानंतर माय पुष्कळ दिवस अंगणात चिमण्यांना दाणे टाकायची.

"जमिनीवर, अम्मा," सोबती म्हणाला. "वाळूवर निजवला होता. तिथंच गेला."

"मंग तिथं पीठ कोण टाकन?"

काकू म्हणाली, "जाऊबाई, घरातच टाकू. त्याची खाट होती तिथं."

"खाटेवर थोडीच मेला थो."

प्रेताला अग्नी देऊन माणसं परतली. माय भावाची बॅग उघडून बसली होती. कपडे, चार्जर, खजुराचं पाकीट आणि तळाशी कामावरचे बूट. सोबत्यानं ते न झाडता तसेच भरले होते. मायनं एक बूट उचलून जमिनीवर आपटला. आतून फिकट, जवळजवळ पांढरी वाळू पडली, तिच्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे. मग दुसरा आपटला. दोन्ही मिळून ओंजळभर झाली असेल.

"हेच ना थे?" तिनं सोबत्याला विचारलं.

"हाव अम्मा. हेच."

मायनं ती वाळू हातानं पसरून सारखी केली आणि काकूला पीठ आणायला सांगितलं.

"जोड्यातल्या वाळूवर पीठ?" काकू म्हणाली. "असं कुठं असते का वं?"

"असं मरनं तरी कुठं असते?"

काकू आत गेली आणि ज्वारीचं पीठ घेऊन आली.

सकाळी काकूनंच टोपलं उचललं. पाखराचं पाऊल नव्हतं, खूर नव्हता, तळवा नव्हता. पीठ मधोमध खाली गेलं होतं. कोणी तरी बराच वेळ बसून उठावं तसा खळगा पडला होता आणि त्याच्या कडेनं ओलसर कडं होतं. मीठ हवेतली ओल ओढतं, समुद्राच्या वाळूत मीठ असतंच, ओलं झालेलं पीठ दबतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी दोन पावलं मागे सरकले.

"काहीच नाही उमटलं," काकू हळूच म्हणाली.

माय वाकून बघत राहिली. "जमीन बसून राह्यली अजून," ती म्हणाली. "थो तिथंच आहे. मोकळा नाही झाला."

राख सावडायला पुरुष निघाले तशी माय त्यांच्या मागून चालू लागली. बायका जात नाहीत. पण तिला अडवायला कोणी धजलं नाही. मी तिच्यासोबत गेले. काकानं राख आणि अस्थी फडक्यात बांधून घेतल्या आणि पूर्णेच्या पात्रात उतरला. पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं. तो गाठ सोडणार इतक्यात मायनं काठावरून विचारलं, "हे पाणी कुठं जाते?"

"तापीत."

"आन् मंग?"

"मंग समुद्रात. दुसरं कुठं जाईन, वयनी?"

"मंग नाही सोडाचं."

काका तसाच थांबला. "काऊन?"

"थे उपसतीन त्याले." मायचा आवाज चढला नव्हता. रोजची गोष्ट सांगावी तशी ती सांगत होती. "समुद्राच्या बुडातलं उपसतेत ना थे लोक. याची राख उपसतीन, भरावात टाकतीन, वरतून डोजर फिरवतीन. त्याच्यावर कोणाचा तरी बंगला. जित्तेपणी राबला तेवढं पुरे नाही झालं का?"

काकानं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग वं इले. तू शिकेल आहे."

मला पुष्कळ सांगता आलं असतं. समुद्र केवढा असतो, एवढीशी राख कुठल्या कुठे जाते. पण ग्रंथालयातल्या नकाशाच्या पुस्तकात ते पान मी अनेकदा उघडलं होतं. तापीच्या मुखापासून त्या आखातापर्यंत बोट फिरवलं, तर ते कुठेही जमिनीला अडत नाही.

"माय बरोबर म्हणते, काका," मी म्हणाले. "पाणी एकच आहे."

काका पाण्याबाहेर आला. फडकं त्यानं मायच्या हातात दिलं.

आम्ही वावरात गेलो. तो उन्हाळा होता. काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या, हात कोपरापर्यंत जाईल अशा. मायनं तिथल्या विहिरीजवळची एक भेग निवडली आणि तिच्यात राख सोडली, थोडी थोडी, सांडू न देता. मग पदराच्या टोकाला बांधून आणलेली वाळू सोडली. काळ्यात ती पांढरी रेघ काही वेळ दिसत होती. मायनं वरून ढेकळं फोडून माती लोटली आणि तळव्यानं दाबली.

"ही लय जुनी आहे," ती म्हणाली. "बसेल आहे. इथं राह्य आता."

घरी आल्यावर तिनं भाकर मागितली.

त्यानंतरही मी ते लोकेशन उघडत राहिले. पुष्कळ दिवस निळंच दिसे. मग एकदा नकाशा बदलला. निळ्यात पिवळट जमीन आली आणि टाचणी वाळूवर उभी दिसली. सगळं होऊन गेल्यानंतर तो आत्ता कुठे तिथे पोचल्यासारखा वाटला. पुढे रस्ते आले, लाल छपरांच्या रांगा आल्या. परवा पाहिलं तर टाचणीखाली पुन्हा निळं होतं. बोटांनी ताणून मोठं केलं. एका बंगल्याच्या मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव होता तो. कडेला दोन खुर्च्या.

माय शेजारी तूर निवडत बसली होती. "झाले का बंगले?" तिनं सूप न थांबवता विचारलं.

"झाले."

"राह्यते का कोणी?"

"तसं दिसत नाही यात."

तिनं सूप खाली ठेवलं. "आपण त्याले वावरात ठुला ना?"

"हाव, माय."

"मंग थे कोणाचं का असंना."

तरी तिनं हात पुसून फोन मागितला. चष्मा लावला. आणि टाचणी हलते का ते बराच वेळ बघत राहिली.