छबूमावशीचा सोमवार

दर सोमवारी सकाळी छबूमावशीचा फोन यायचा. खुशाली वगैरे काही नाही, थेट प्रश्न. "शेठ, रगत न्हाई ना?"

"नाही."

"पोरीला इचारलं, का तुमच्या मनानं सांगताय?"

मग मी मुकाट्याने फोन ऋतुजाकडे द्यायचो.

सावेडीतल्या मुलींच्या वसतिगृहात मावशी संडास धुवायची. माझी ऋतुजा अकरावीला तिथे होती. सुप्याला माझं भंगाराचं गोदाम आहे. हातगाडीपासून इथवर आलोय, घासाघीस केल्याशिवाय कशालाच हो म्हणत नाही. एका दुपारी ही बाई एसटीने आली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "तुमच्या पोरीला संडासातून रगत जातंय."

माझं डोकंच फिरलं. "पाळी असेल! हे सांगायला इथं आलीस?"

"वरडू नका. पाळीचं रगत मी वीस वर्सं धुतलंय. ह्ये येगळं हाय. कुणाचं ते कळाया तीन आठवडं पाळत ठिवली. पापण्या बगा तिच्या, कागदावानी पांढऱ्या झाल्यात."

"पोट दुखतं म्हणून जंताची गोळी दिलीय. परीक्षा झाली की दाखवतो. पंधरा दिवस."

"उद्या."

"बरं, आठ."

"उद्या, शेठ."

इतकी वर्षं भाव पाडतोय, पण एक आकडा धरून बसलेलं असं माणूस पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाला दवाखान्यात नेलं, मावशीही आली. डॉक्टर टेबलापलीकडूनच म्हणाले, "मूळव्याध. या वयात दुसरं काय असणार?" मला हायसं वाटलं. मावशी जागची हलली नाही. "हात न लावता कसं कळलं, सायेब?" त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. तो राग अजून माझ्या मनात आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. मुलांमध्ये फार क्वचित होतो, म्हणून कुणाच्या मनातच येत नाही, असं ते म्हणाले. ऑपरेशन झालं, मग केमो. ऋतुजा घरी आली आणि मावशीचे सोमवारचे फोन सुरू झाले. एकदा मी ऋतुजाला विचारलं, "आधी सांगितलं का नाहीस?" ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तुम्ही ओरडला असता, पप्पा." त्या डॉक्टरला मी लाख शिव्या घातल्या असतील, पण या वाक्यावर मला भांडता आलं नाही.

मावशी गेल्या महिन्यात गेली. काम करताना छातीत कळ आली, तेवढंच निमित्त. स्वतःचं दुखणं तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी फोन वाजला नाही. दोन दिवसांवर ऋतुजाची तपासणी होती. ती संडासात होती, बराच वेळ. मी दाराबाहेर उभा राहिलो. हा प्रश्न माझ्या तोंडून कधी निघालाच नव्हता.

"ऋतू, रक्त नाही ना?"

"नाही."

"बघून सांगतेस, का माझ्या भीतीनं?"

कडी निघाली. "तुम्हीच बघा, पप्पा. मी अजून पाणी टाकलं नाही."

मी आत गेलो, दिवा लावला आणि वाकून नीट बघितलं.