मानाची मुंडी

माशांवर इतकं प्रेम आणि मासेवाल्यांवर इतका दात असलेला माणूस माझ्या साडूशिवाय अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि नसलेलाच बरा. माणूस मूळचा मालवणकडचा. बँकेच्या बदलीनं औरंगाबादला आला, माझ्या मेहुणीशी लग्न करून उस्मानपुऱ्यात कायमचा रुतला, आणि समुद्र इथून एवढा लांब आहे याबद्दल त्यानं आम्हा गाववाल्यांना आजतागायत माफ केलेलं नाही. जणू आमच्याच बापजाद्यांनी तो उचलून पलीकडं नेऊन ठेवला! आम्ही पडलो मटणावर वाढलेली माणसं. आमच्या लेखी मासा म्हणजे मासा, त्याचं कूळ-गोत्र कशाला बघायचं? पण हे गृहस्थ दर रविवारी मासळीबाजारात जायचे ते मासे घ्यायला नव्हे, चोर पकडायला.

आमच्याकडं तळ्यात वाढवलेला रूपचंद सर्रास पापलेट म्हणून खपवतात. दिसायला तसाच चपटा, चंदेरी, पोटाशी जरा तांबूस. साडू तो उचलणार, करंगळीनं त्याचं तोंड उघडणार आणि गोळा झालेल्या गिऱ्हाइकांना आतलं दाखवणार. रूपचंदाला माणसासारखे चौकोनी दात असतात, पापलेटाला नसतात, हे ज्ञान मला अशा रीतीनं भर बाजारात फुकट मिळालं. "बघून घ्या," तो म्हणायचा, "अजून जरा वेळ बर्फावर ठेवलात तर पान मागेल हा." विकणारा शपथा घ्यायचा, साब असली पापलेट है, बंबई का माल है. की यानं विचारलंच, बंबईचं कुठलं बंदर, कुठली बोट? मागची गर्दी खोळंबायची, लोक शिव्या घालायचे आणि पिशवी धरून उभ्या असलेल्या माझ्या वाट्याला त्यातल्या निम्म्या यायच्या. एवढं करून साहेब घरी काय घेऊन जायचे? अंडी.

एकदा अजिंठा बघून दोन्ही कुटुंबं फर्दापूरला जेवायला थांबलो. पोरं भुकेनं रडकुंडीला आलेली. पाटीवर 'सुरमई फ्राय' वाचून साडूनं तीच मागवली आणि मी ओळखलं, आज जेवण होत नाही. तुकडा आला, यानं बोटानं चेपून बघितला आणि वेटरला थंडपणे सांगितलं, की याची कातडी आणि मधला काटा घेऊन ये, मग खातो. काटा कुठून येणार? तो बिनकाट्याचा, गोठवलेला बासा नावाचा स्वस्त मासा होता. मॅनेजर आला, आचारी आला, हमरीतुमरी झाली आणि आम्ही बिस्किटं खात घर गाठलं. मेहुणी गाडीत म्हणाली, या माणसाला लग्नाआधी आमच्या घरच्यांनी असं चेपून का बघितलं नाही कुणास ठाऊक.

अशा बापाच्या पोटी गुणी पोरगी आली. तिनं आपलं लग्न आपणच जमवलं. मुलगा तिच्या कॉलेजातला, दौलताबादकडच्या बागायतदाराचा. माणसं मायाळू, पण तितकीच मानी. बोलणी पक्की करायला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. पाहुणा मासे खाणारा आहे हे कळल्यावर मुलाचे वडील, ज्यांनी जन्मात बोकडाशिवाय काही शिजवलं नव्हतं, सकाळी सकाळी मोटारसायकलवर शहरात जाऊन पापलेट घेऊन आले. घरच्या बाईंनी मटणासारखाच येसूर मसाला घालून त्याचा झणझणीत रस्सा केला. आणि जत्रेत बोकडाची मुंडी मानकऱ्याला देतात त्याच रिवाजानं माशाची अख्खी मुंडी साडूच्या ताटात मधोमध येऊन बसली. तोंड उघडं. दात लख्ख दिसत होते.

मी मनात म्हटलं, झालं, मोडलं लग्न. पोरगी दाराची चौकट धरून उभी होती, तोंडावर रंग म्हणून नाही. तिला बाप ठाऊक होता. व्याही हातात रश्श्याचं भांडं घेऊन ताटाशेजारीच उभे.

"खा पाव्हणं," ते म्हणाले. "पापलेटच हाय न्हवं ह्ये? त्या बाजारवाल्यानं फसवलं तर नाय मला? आपल्याला त्यातलं काय बी कळत नाय. सकाळधरनं लई भ्या वाटतंय बगा."

साडूनं मुंडीकडं बघितलं. मग लेकीकडं. गालाचा तुकडा काढून तोंडात घातला, सावकाश चावला.

"पापलेटच," तो म्हणाला. "तुम्हाला कोण फसवणार?"

हात धुताना मी खोचकपणे विचारलं, दात दिसले नाहीत वाटतं आज? तो म्हणाला, "दिसले रे. पण पोरीला इथं नांदायचंय."

त्या खोट्याची सजा त्यानं पुरेपूर भोगली. व्याह्यांची खात्रीच पटली, की आपल्याला मासा ओळखता येतो. साडू लेकीकडं गेला रे गेला, की व्याही रूपचंद घेऊन हजर, आणि मुंडी कायम त्याच्याच ताटात. वर चारचौघांत सांगायचे, आमचं पाव्हणं दर्याचं माणूस, त्यांनी पास केलेला माल हाय ह्यो. साडू मान खाली घालून, येसराच्या ठसक्यानं डोळे पुसत खायचा. मला असा काही आसुरी आनंद व्हायचा म्हणता! मी मुद्दाम बरोबर जायचो.

मग एका उन्हाळ्यात व्याही अचानक गेले. वर्षश्राद्ध उरकल्यावर जावयानं मुंबईहून बर्फाच्या पेटीत पापलेट आणलं. खरंखुरं. इवल्या तोंडाचं, दात नसलेलं. विहीणबाईंनी तोच रस्सा केला आणि मुंडी साडूला वाढली. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी सुटला बिचारा.

त्यानं एक घास खाल्ला आणि थांबला. जावयानं विचारलं, "बाबा, कसं झालंय?"

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण पापलेट तुझे वडील आणायचे."

मला त्या खडूस माणसाची भलतीच माया आली.  विहीणबाईंनी पुढं होऊन त्याच्या ताटात आणखी रस्सा वाढला, आणि त्यानं नको म्हटलं नाही.