डॉक्टरबाईंचे कागद

तुमसरचं प्रसूतिगृह बंद करून डॉक्टरबाई मुलाकडे पुण्याला गेल्या, त्याला सहा वर्षं झाली. जाताना पेशंटांच्या केसपेपरांची पोती त्यांनी धुरपताबाईच्या मागच्या खोलीत टाकली. "चार दिवस ठेवा, मग बघू." धुरपताबाईनं जन्मभर तिथं आयाचं काम केलेलं, नाही म्हणायची सवयच नव्हती. तेव्हापासून ती ओसरीत झोपते, आणि थंडीत गुडघे धरतात.

फोन केला की डॉक्टरबाईंकडे उत्तर तयार. आधी म्हणे, कायद्यानं इतकी वर्षं ठेवावेच लागतात. ती मुदत सरली, तर म्हणे, असू द्या, कुणाला लागले तर? पुण्यात बसून बोलायला काय जातं. लागलेही होते. आंबागडचा एकजण जन्मतारखेसाठी आला. दिवसभर पोती उपसली, हाती उंदरांनी कुरतडलेला चुरा आला. वर तोच हिच्यावर चिडला.

मग परवा रीना आली. करडी गावात दिलेली, कडेवर पोर. लग्नाआधी तिनं त्याच दवाखान्यात गर्भपात करून घेतला होता. तेव्हा धुरपताबाईच तिचा हात धरून बसली होती.

"मावशी, माहा कागद आहे ना आतमंदी?"

"असंल. कायले पाहिजे?"

"पाहिजे नाही. तो राहूच नाही पाहिजे."

"येवढ्या वर्षांत मी कोनाजवळ तोंड उघडलं का व?"

"तुमी नाही उघडनार. पन तुमी गेल्यावर? तुमची सून करडीचीच आहे."

तोंड बंद ठेवणं धुरपताबाईला जमत होतं. आपल्यामागं त्या खोलीत कोण हात घालेल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. तिनं तिथूनच फोन लावला.

"डॉक्टरबाई, गाडी पाठवता का जाळू?"

"अहो, एवढी काय घाई? वकिलांना विचारून..."

"विचारा. मी फोन धरून आहो."

वकिलांचं नाव पुन्हा निघालं नाही. "जाळा. पण सगळे जाळा, अर्धवट नको."

गठ्ठे पेटेनात. वरून काळे पडत, आतून तसेच राहत. एकेक कागद सुटा करून टाकावा लागे. रीनाचा कोणत्या पोत्यात, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. म्हणून शेवटचं पोतं रिकामं होईस्तोवर तिला हलता येईना.

"माही पाचची बस आहे, मावशी."

"मंग हात चालव," धुरपताबाई म्हणाली, आणि पेंगुळलेलं पोर उचलून ओसरीतल्या आपल्या अंथरुणावर टाकून आली.